वाड्याच्या जोत्यातला फुटका चिरा आणि नाशिकचा काळा कातळ

गोदातीर

जुन्या नाशकातला आमचा वाडा या उन्हाळ्यात उतरवला. सागवानी तुळया, खांब, दारे असे सारे विकले गेले. जोत्याचे चिरे मात्र मी मागून घेतले, कारण नव्या जागेत तुळशीवृंदावनाभोवती ते बसवावेत अशी आईची इच्छा होती. टेम्पोतून उतरवताना त्यांतला एक चिरा हातातून निसटला आणि दुभंगला. बाहेरून काळाभोर दिसणाऱ्या त्या दगडाच्या पोटात हरभऱ्यापासून आवळ्याएवढ्या पोकळ्या निघाल्या आणि प्रत्येक पोकळीत पांढरे, क्वचित फिकट गुलाबी, मोत्यासारखी झाक असलेले स्फटिक, उघडलेल्या पंख्यासारखे एका बिंदूतून पसरलेले. आई त्यांना गारगोट्या म्हणते. पण गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. या स्फटिकाने तो उठत नाही, उलट चाकूच्या टोकाने स्फटिकच खरवडला जातो.

याच सुमारास पांडवलेण्यांना जाणे झाले आणि दुसरा प्रश्न डोक्यात शिरला. त्रिरश्मी डोंगराच्या अंगावर चोवीस लेणी जवळजवळ एकाच पातळीत, माळेत ओवावीत तशी ओळीने आहेत. वर एवढा डोंगर शिल्लक असताना आणि खालीही जागा असताना शतकानुशतके प्रत्येक पिढीने त्याच पट्ट्यात का कोरले? या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, की उगाच मला तो दिसतो आहे? जाणकारांनी सांगावे.

कातळवेडा

संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. मी आयुष्यभर भूशास्त्र शिकवले, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. आपण सांभाळून घ्याल अशी आशा आहे.

आपला चिरा, पांडवलेणी, गोदावरीचे घाट आणि समोरची सातमाळ्याची रांग हे सारे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हाचे बनलेले आहे. हा लाव्हा एकदम आला नाही, थरावर थर असा आला. आजही त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. त्याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात आणि ट्रॅप या नावामागे जिना या अर्थाचा स्वीडिश शब्द आहे. आपले डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, त्याचेच हे नाव.

आता एक थर घ्या. लाव्हा वाहत असताना त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात. वरचा भाग आधी थिजतो, म्हणून चढणारे बुडबुडे तिथेच अडकतात आणि थराचा माथा जाळीदार, पोकळ्यांनी भरलेला होतो. मधला भाग सावकाश निवतो, त्यात बुडबुडे फारसे राहत नाहीत आणि तिथे घट्ट, एकसंध, जड दगड तयार होतो. पुढचा लाव्हा येण्याआधी मध्ये बराच काळ गेला, तर माथ्याची झीज होऊन माती बनते आणि तिच्यावर नवा तप्त थर आला की ती भाजून विटेसारखी लाल होते. घाट खणलेल्या रस्त्यांच्या कडेला काळ्या दगडांच्या मधून जाणारा लाल पट्टा आपण पाहिला असेलच.

पाऊस या सगळ्यावर सारखाच पडतो, पण झीज सारखी होत नाही. घट्ट दगडाचा उभा कडा राहतो, तर जाळीदार दगड आणि लाल माती यांचा झाडाझुडपांचा उतार होतो. लेणे कोरायला उभा कडा लागतो आणि छत पेलणारा एकसंध दगडही लागतो. दोन्ही एकाच थराच्या पोटात मिळतात. लेणी एका पातळीत आहेत याचे कारण तो थर जवळजवळ आडवा आहे. कोरणाऱ्यांनी डोंगर निवडला असे आपण म्हणतो, पण खरे तर त्यांनी डोंगरातला एक थर निवडला.

तुमच्या चिऱ्याची गोष्ट त्याच थराच्या माथ्यावरची. लाव्हा थंडावल्यावर पोकळ्यांमधून कोमट ते गरम पाणी, फार तर दोनशे-अडीचशे अंशांचे, दीर्घकाळ झिरपत राहिले. त्याने दगडातली सिलिका, ॲल्युमिना, कॅल्शियम, सोडियम विरघळवून पोकळ्यांत आणले आणि तिथे त्यांचे स्फटिक वाढले. या गटाला झिओलाइट म्हणतात. चित्र न पाहता खनिज ओळखणे धोक्याचे असते, पण पंख्यासारखी रचना, मोत्याची झाक आणि चाकूने खरवडले जाणे यांवरून ते स्टिल्बाइट असावे असा माझा अंदाज आहे.

विहीरवाला

कातळवेडा सरांनी ज्याला जाळीदार दगड म्हटले आहे, त्याला आमच्या निफाडकडे मांजऱ्या म्हणतात. आमच्या घरात तीन पिढ्या विहिरी खोदण्याचे काम झाले. वरून माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या तर कुठे काळा पाषाण, असा क्रम आजोबा हाताला लागलेल्या मालावरून सांगत असत. मांजऱ्याला पाणी लागते, काळ्या पाषाणाला सुरुंग लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. पाषाणात पाणी असलेच तर ते फक्त भेगांत असते.

चिऱ्याबद्दल एक सांगावेसे वाटते. जुना पाथरवट दगड घेताना आधी तो हातोडीने वाजवून पाहत असे. खणखणीत वाजला तर तो खांबाला, उंबऱ्याला किंवा मूर्तीला जाई आणि बद्द वाजला तर भरावाला किंवा जोत्याच्या आतल्या बाजूला. आपला चिरा बद्द वाजणाऱ्यांपैकी असणार. वाडा बांधणाऱ्याने तो ओळखून जिथे भार कमी तिथे टाकला असेल. उगाच नाही तो एवढी वर्षे टिकला आणि टेम्पोतून पडताच फुटला.

गोदातीर

विहीरवाला दादा, चिरा ओसरीच्या आतल्या रांगेतलाच होता! उरलेले चिरे आत्ताच वाजवून पाहिले. सात खणखणीत, दोन बद्द.

रंगरेषा

मी चित्रकला शिकवते, त्यामुळे थरांपेक्षा माझे लक्ष कोरीव कामावर जाते. दर वर्षी विद्यार्थ्यांना घेऊन तिसऱ्या लेण्यात रेखाटनासाठी बसते. तिथे पहिल्या दिवशी सगळ्यांना मी एकच प्रश्न विचारते: या ओसरीतले काय काय लाकडाचे आहे? मुले गोंधळतात, कारण लाकूड तर कुठेच नसते. मग हळूहळू दिसू लागते. तुळयांची टोके बाहेर काढलेली आहेत, कठडा लाकडी वेदिकेसारखा आडव्या पट्ट्यांचा आहे, दाराभोवतीचे तोरण सांचीच्या तोरणांची आठवण करून देणारे आहे. अठराव्या लेण्याच्या, म्हणजे चैत्यगृहाच्या (स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या) दर्शनी भागावरची घोड्याच्या नालेसारखी कमान तर सरळ लाकडी छपराच्या वाशांची नक्कल आहे. एकसंध कड्याला तुळई लागत नाही, वासा लागत नाही, पण पाहणाऱ्याच्या डोळ्याला घर म्हणजे तुळया आणि वासे हीच सवय होती आणि पाथरवटाने ती सवय पाळली.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीखालच्या सहा आकृत्या मला सर्वांत आवडतात. अख्खी ओसरी जणू पालखीसारखी खांद्यावर घेतलेली आणि जमिनीतून फक्त डोकी व खांदे वर आलेले. भार कोणाच्याच खांद्यावर नाही, सारे एकाच दगडातले आहे. तरी त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून आपलेच खांदे आखडतात. असा परिणाम चुनागच्चीच्या भिंतीवर रंगवून साधला असता का, याबद्दल मला शंका आहे.

दहावे आणि तिसरे लेणे लागोपाठ पाहावे. दोन्ही विहारांचा, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यांचा, आराखडा जवळजवळ सारखा आहे. दहाव्यातील खांबांची घंटाकार शीर्षे उंच, ठसठशीत आहेत, तर तिसऱ्यातील बुटकी, दबलेली वाटतात. माझ्या मते मूळ कारागिरी दहाव्याची आणि तिसरे तिला उत्तर म्हणून उभे राहिले.

हिशेबनीस

रंगरेषा ताईंच्या 'उत्तर' या शब्दाला शिलालेखांचा आधार आहे. दहावे लेणे क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचे. तिसऱ्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षीचा असून त्यात क्षहरातांचा वंश खुडून काढल्याचा अभिमान ती मिरवते. या भांडणाचा दुसरा पुरावा १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे सापडला. नहपानाच्या सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा तो साठा होता आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता. शत्रूचे नाणे वितळवले नाही, त्याच्याच चेहऱ्यावर आपला शिक्का ठोकला.

मी बँकेतून निवृत्त झालो, त्यामुळे मला सर्वांत मोह पडतो तो उषवदाताच्या ४२व्या वर्षाच्या लेखाचा. गोवर्धन येथे, म्हणजे आजही गंगापूरच्या वाटेवर ज्याचे नाव टिकून आहे त्या गावी, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, त्याने तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले. दोन हजार दरमहा दरशेकडा एक या दराने आणि एक हजार दरमहा दरशेकडा पाऊण या दराने. मुद्दल कधीच परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. लेखातला शब्द आहे अक्षयनीवी. दोन हजारांवर महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४० होतात. लेख सांगतो की लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यावेत. २० गुणिले १२ बरोबर २४०. एक छदामही इकडचा तिकडे नाही. आमच्या शाखेत एवढा चोख ताळेबंद वर्षअखेरीला क्वचितच लागत असे.

कातळाचाही हिशेब करून पाहिला. दहाव्या लेण्याचे दालन सुमारे ४३ फूट रुंद आणि साडेपंचेचाळीस फूट खोल आहे. उंची दहा फूट धरली तर १९,५०० घनफुटांहून अधिक, म्हणजे साधारण ५५० घनमीटर दगड निघाला. बेसाल्टच्या, म्हणजे या काळ्या कातळाच्या, एका घनमीटरचे वजन २,९०० किलोच्या आसपास असते. म्हणजे सोळाशे टन दगड छिन्नीने तोडून बाहेर काढला आणि त्यात कडेच्या सोळा खोल्या धरलेल्या नाहीत.

नवखा_वाचक

पण ही लेणी पांडवांनी वनवासात एका रात्रीत कोरली असे आजी सांगत असे. सोळाशे टन एका रात्रीत कसे शक्य आहे?

हिशेबनीस

आजींच्या गोष्टीला मी हात लावत नाही, ती गोष्ट म्हणून सुंदर आहे. परंतु लेण्यांतले लेख बौद्ध भिक्षूसंघासाठी दिलेल्या दानांचे आहेत, डोंगराला ते तिरण्हु म्हणतात आणि पांडवांचा उल्लेख त्यांत नाही. देणाऱ्यांत राजघराण्यातली माणसे आहेत, तशीच साधी माणसेही आहेत. सतरावे लेणे तर इंद्राग्निदत्त नावाच्या एका यवनाचे, म्हणजे ग्रीकाचे, आहे.

विहीरवाला

उषवदाताच्या लेखात पाण्याच्या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे, असे एका अभ्यासवर्गात ऐकले होते. टाके कुठे खोदायचे हे त्यांना आमच्या आजोबांइतकेच कळत असणार. वर मांजऱ्या असेल तर पावसाचे पाणी त्यात मुरते, खाली घट्ट पाषाण असेल तर ते आणखी खाली न जाता बाजूला झिरपते, आणि नेमके त्या सांध्याजवळ टाके खोदले की उन्हाळ्यापर्यंत पाणी राहते. पाझर आणि राहण्याची जागा एकाच कड्यात, याहून सोय काय हवी?

गोदातीर

आता मंदिरांकडे वळू का? काळाराम मंदिराचा दगड रामशेजच्या खाणीतून आणला असे सांगतात. सिन्नरचे गोंदेश्वर मात्र त्याहून कितीतरी जुने. लेणे म्हणजे दगड काढून टाकणे आणि मंदिर म्हणजे दगड रचणे, हा फरक मला आत्ताच ठळकपणे जाणवला.

रंगरेषा

तो फरक मोठा आहे, कारण लेण्यात चूक झाली तर ती भरून काढता येत नाही. छतापासून खाली येत कोरायचे, त्यामुळे खांब आधी ठरवून शिल्लक ठेवावे लागतात. मंदिरात प्रत्येक दगड जमिनीवर घडवता येतो, नापसंत पडला तर बाजूला ठेवता येतो. म्हणूनच मंदिराच्या कारागिराला पुनरावृत्तीचा खेळ खेळता आला.

गोंदेश्वर यादवांच्या काळातले, साधारण अकराव्या-बाराव्या शतकातले आहे आणि ते पंचायतन आहे: मधोमध शिवाचे मुख्य देऊळ, कोपऱ्यांवर सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची चार लहान देवळे. त्याचे शिखर भूमिज पद्धतीचे आहे. चारी बाजूंनी उभे चार पट्टे थेट वर चढतात आणि त्यांच्या मधल्या जागेत त्याच शिखराच्या छोट्या प्रतिकृती रांगांनी बसवलेल्या असतात, खालच्या मोठ्या, वरच्या क्रमाने लहान. एकाच आकाराचा हा लहान होत जाणारा प्रतिध्वनी डोळ्यांना वर खेचत नेतो आणि मूळची उंची असेल त्याहून अधिक भासते. मुलांना मी हे शिखर संपूर्ण काढू देत नाही. एकच पट्टा आणि त्याला लागून एक रांग काढायला सांगते. तेवढ्यावरच दुपार जाते.

त्याला सरसकट हेमाडपंती म्हणण्याची आपली सवय मात्र मला खटकते. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री. चुना न वापरता, दगडावर दगड नेमका बसवण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती.

कातळवेडा

ताईंनी घडाईची बाजू सांगितली, मी झिजेची सांगतो. कोणत्याही जुन्या देवळाचा एखादा दगड भुगा होऊ लागलेला दिसला तर जवळ जाऊन पाहावे. पुष्कळदा तो मांजऱ्या निघतो. पोकळ्यांत झिओलाइट आणि चिकणमातीची खनिजे असतात, ती ओल धरतात आणि सोडतात, दगड आतून फुगतो आणि आकसतो आणि काही शतकांत पापुद्रे सुटतात. शेजारचा घट्ट दगड मात्र कालच घडवल्यासारखा राहतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही असे आपण म्हणतो, पण घाव सोसायला दगडही त्या जातीचा लागतो.

सिन्नरला जाणारच असाल तर तिथले गारगोटी संग्रहालय चुकवू नये. नाव गारगोटीचे असले तरी तिथली खरी श्रीमंती झिओलाइटांची आणि त्यांच्या सोबत्यांची आहे: फिकट हिरवे अपोफिलाइट, कापसाच्या गोळ्यांसारखे ओकेनाइट, वाघोलीच्या खाणीतले निळेभोर कॅव्हान्साइट. शेवटच्या दोहोंचा जन्म अशाच पोकळ्यांत, पण ते झिओलाइट नव्हेत. अपोफिलाइटही शास्त्रीयदृष्ट्या त्या गटातले नाही, केवळ शेजारी.

सडाफूल

एवढा वेळ दगडच चालला आहे, तेव्हा दगडावर उगवणाऱ्या एका फुलाची भर घालते. त्र्यंबकच्या वाटेवरच्या अंजनेरीच्या कातळावर पावसाळ्यात कंदीलपुष्पाची एक जात फुलते. तिचे शास्त्रीय नावच सेरोपेजिया अंजनेरिका आहे. २००६ मध्ये ती नवी जात म्हणून नोंदवली गेली. जाळीदार दगडाच्या बेचक्यांत साचलेल्या मूठभर मातीत ती कंद धरून आठ-नऊ महिने जमिनीखाली राहते आणि पावसाच्या थोड्या आठवड्यांत वर येऊन फुलते.

या कुळातल्या फुलांचे यंत्र विलक्षण असते. तळाशी फुगीर, वर नळी, आणि नळीच्या आत खाली वळलेले केस. वासाला भुललेली बारीक माशी आत घसरते, पण केस खाली वळलेले असल्याने तिला वर चढता येत नाही. ती तळाशी धडपडते, त्या धडपडीत परागांचे गठ्ठे तिला चिकटतात. काही काळाने केस सुकून माना टाकतात आणि माशी सुटते, ती पुढच्या कंदिलात अडकण्यासाठीच. फुलाने माशीला खायचे नसते, फक्त ओलीस ठेवायचे असते. कृपया कोणी कंद उकरून कुंडीत लावू नये. कातळ घरी आणता येत नाही आणि त्याच्याविना ती जगत नाही.

कातळवेडा

आणखी एक प्रयोग सुचवतो. गोदातीर, जोत्याच्या खणखणीत चिऱ्यापाशी ताकदवान चुंबक दोऱ्याला टांगून न्या. तो दगडाकडे किंचित ओढला जाईल, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा निवताना या कणांचे चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने जखडले जाते. १९५०च्या दशकात दख्खनच्या दगडांतली ही दिशा मोजली गेली आणि तिच्या कलावरून कळले की हा लाव्हा ओतला जात असताना भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे तीस अंशांवर होता. नाशिक आज वीस उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे तुमच्या चिऱ्याने साडेपाच हजार किलोमीटरचा प्रवास केला आहे आणि निघाल्या जागेची खूण अजून पोटात बाळगली आहे. भूखंड सरकतात हे मानायला तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञ तयार नव्हते. आपल्या दगडांनी तो वाद मिटवायला मदत केली.

झिओलाइट हे नावही करून पाहण्याजोगे आहे. १७५६ मध्ये क्रोनस्टेड या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असा एक स्फटिक तापवला, तेव्हा त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा दिसला, म्हणून त्याने 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. स्फटिकाच्या चौकटीतल्या बोगद्यांत पाणी बसलेले असते, ते उष्णतेने बाहेर पडते. हेच बोगदे कॅल्शियम धरून सोडियम सोडतात, म्हणून कृत्रिम झिओलाइट कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात. करून पाहायचे झाल्यास फक्त सुटा स्फटिक घ्यावा, काळा दगड विस्तवावर धरू नये, तो तडकून अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा असावा.

गोदातीर

सर, दोन्ही प्रयोग केले. चुंबक खणखणीत चिऱ्याकडे स्पष्टपणे ओढला गेला. बद्द चिऱ्याकडेही गेला, पण अंमळ आळसाने.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरात झाला. तांदळाएवढा एक स्फटिक चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत नेला. क्षणभर काहीच झाले नाही. मग तो फुगला, त्याचे पापुद्रे सुटून वर्खासारखे वळले आणि पारदर्शक होता तो पांढराफटक झाला. आई मागे उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "अरे, ही तर लाही झाली." फुटका चिरा मी संग्रहात ठेवणार होतो, पण तिने तो मागून घेतला. आता तो वृंदावनाच्या पुढ्यात, स्फटिकांची बाजू वर करून बसवला आहे आणि सकाळी तुळशीला घातलेले पाणी त्या पोकळ्यांत थोडा वेळ साचून राहते.